खंडेनवमीचा स्क्रू ड्रायव्हर

शुक्रवारी दुपारी वैभवीला जो स्क्रू ड्रायव्हर हवा होता, तो देवापुढे झेंडूच्या फुलाखाली हळदीकुंकू लावून बसला होता. एकटा नव्हता. त्याच्या शेजारी हातोडी होती, पक्कड होती, लहानमोठ्या कानशी होत्या, भाजीची सुरी, शिवणाची कात्री, मिक्सरचं भांडं आणि गाडीची किल्लीसुद्धा होती. खंडेनवमीचा दिवस. नागपूरहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे लंडनमधल्या एजवेअरला आलेल्या शशीताईंनी घरातली धारेची, दात्यांची आणि फिरणारी एकही वस्तू सोडली नव्हती. ऑफिसचा लॅपटॉप तेवढा सुटला होता, तोही वैभवी सकाळपासून त्याच्यावर मीटिंगमध्ये होती म्हणून. त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटलं होतंच.

"आई, त्यातला एक स्क्रू ड्रायव्हर दे ना. दोन तासांत परत आणून ठेवते."

"आज नाही. वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांना हात लावायचा नाही, उद्या दसऱ्याला घे."

"उद्या उपयोग नाही गं. अर्जंट आहे."

"कशाला पाहिजे?"

इथे खरं बोलायची संधी होती. वैभवीने ती सोडली. "एका फ्रेंडचं फर्निचर फिट करायचंय," ती म्हणाली.

"मग फर्निचर काय पळून चाललं का?" शशीताईंनी निरांजनात तूप घातलं आणि विषय संपवला.

फर्निचर वगैरे काही नव्हतं. होती ती एक रायफल, आणि ती होती एझराकाकांची. वैभवी दर रविवारी सकाळी 'जिमला' जाते असं तिने आईला सांगून ठेवलं होतं, तेव्हा ती खरं तर गावाबाहेरच्या एका रायफल क्लबात चटईवर पालथी पडून कागदावरच्या काळ्या वर्तुळांवर नेम धरत असे. कॉलेजात एनसीसीत असताना लागलेली गोडी होती, दोन वर्षांपूर्वी लायब्ररीतला क्लबचा कागद बघून ती पुन्हा उफाळून आली. पण मुलगी परदेशात एकटी राहते एवढ्यानेच जिची झोप उडालेली, त्या बाईला फोनवर बंदुकीचं नाव कसं सांगायचं? जिम हा शब्द सोपा होता. एकदा सोपा शब्द वापरला की पुढे तोच वापरावा लागतो, तसं झालं होतं.

एझराकाका तिला क्लबातच भेटले. तिसऱ्याच रविवारी नेम चुकल्यावर ती स्वतःशीच पुटपुटली होती, "श्शी, परत डावीकडे गेली," आणि शेजारच्या चटईवरून एक म्हातारा आवाज आला होता, "श्वास सोड, मग दाब पोरी. घाई कसली?" ती दचकून उठूनच बसली. चौऱ्याहत्तर वर्षांचे, मुंबईचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. भायखळ्याच्या कारखान्यात अवजारं घडवायला शिकले आणि तेच काम करायला तरुणपणी इंग्लंडात आले. इथल्या त्यांच्या नातवंडांना मराठीतलं 'जेवला का?' एवढंच येत होतं. त्यामुळे काकांना वैभवी म्हणजे घबाडच मिळालं होतं. तिला तर लंडनमध्ये वडीलधारं माणूस मिळालं, तेही विचारपूस करणारं आणि लग्नाचं न विचारणारं.

गेल्या वर्षभरात काकांच्या उजव्या डोळ्यात मधोमध एक काळा डाग आला. डॉक्टरांनी सांगितलं, वाढू नये म्हणून इंजेक्शनं देऊ, पण गेलेलं परत येणार नाही. कडेकडेने दिसायचं, नेमकं मधलं दिसायचं नाही, आणि नेम धरायला मधलंच लागतं. जूनमध्ये त्यांनी आपली हत्यारांची पेटी उचलून वैभवीच्या हातात दिली. "माझ्याकडे गंज चढेल. तू वापर," एवढंच म्हणाले, पण पेटी सोडताना त्यांचा हात कडीवर जरा जास्त रेंगाळला. सप्टेंबरात त्यांच्या तीन गोळ्या शेजाऱ्याच्या कार्डावर, म्हणजे त्याच्या नेमाच्या कागदावर लागल्या. दोष कोणाला देणार? रेंजची जबाबदारी असलेल्या क्लोईने फार अदबीने सांगितलं, की तेरा ऑक्टोबरच्या रविवारी काकांनी तिच्यासमोर दोन कार्डं, म्हणजे वीस गोळ्या उडवाव्यात. वीसच्या वीस स्वतःच्या कार्डावर लागल्या तर ठीक. एक जरी शेजारी गेली तरी रेंजवर उतरता येणार नाही. रायफलचा परवाना नोव्हेंबरात संपत होता, आणि क्लबच्या पत्राशिवाय पोलीस तो पुन्हा देणार नव्हते. म्हणजे पंचेचाळीस वर्षं सांभाळलेली रायफलही जाणार. काकांच्या बायकोने, मझलकाकूंनी, वैभवीला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांचं रात्रीचं जेवण कमी झालंय गं."

उपाय वैभवीनेच शोधला होता. उजव्या खांद्यावर रायफल टेकवून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा म्हणून दर्शक, म्हणजे रायफलवरची नेम बघायची भोकं, डावीकडे सरकवणाऱ्या पट्ट्यांची जोडी मिळते, एक नळीच्या टोकाला बसवायची आणि एक मागे. ती तिने जर्मनीहून मागवली. यायला तीन आठवडे लागले आणि पुडकं गुरुवारी संध्याकाळी हातात पडलं. पुढची पट्टी साध्या षटकोनी किल्लीने बसणार होती, किल्ली पुडक्यातच होती. मागच्या पट्टीसाठी मात्र जुन्या इंग्लिश दर्शकाचा स्क्रू काढून पुन्हा घट्ट करावा लागणार होता, आणि गोम तिथेच होती. साध्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. जोर लावला की ते खाचेतून वर सरकतं आणि जाता जाता खाचेच्या कडा खातं. बंदुकीच्या स्क्रूला असं टोक लागतं, जे खाचेत तळापर्यंत भरून बसेल, ना जाड ना बारीक. काकांनी त्या एका स्क्रूसाठी चाळीस वर्षांपूर्वी स्वतः एक टोक घासून तयार केलं होतं. कारखान्यातल्या जुन्या सवयीने ते त्याला डिसमिस म्हणत. तो डिसमिस त्या पेटीत होता, आणि पेटी देवापुढे होती.

शुक्रवारीच का, तर शनिवारी काकांचं दार बंद. यंदा दसरा आणि काकांचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास एकाच दिवशी आले होते. बाकीचे लोक त्या दिवशी सिनेगॉगला जात. काका मात्र कोकणातल्या जुन्या रीतीने चालत. शुक्रवारी सूर्य मावळताना घराचं दार लावायचं आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, फोन नाही, कोणाला भेटणं नाही. त्यांच्या घरात या दिवसाला दारफळणीचा सण म्हणत. एका घरात हत्यारं निजलेली आणि दुसऱ्या घराचं दार लागणार, अशा कात्रीत वैभवी सापडली होती.

खरं तर कात्री वगैरे काही नव्हती. आईला बसवून सगळं सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण मग जिमपासून सुरुवात करावी लागली असती.

चार वाजता लॅपटॉप मिटून ती बाहेर पडली. गाडीची किल्ली पूजेत, म्हणून बसने. वाटेत हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानातून तिने सहा स्क्रू ड्रायव्हरचा सेट घेतला. दुकानदाराने "घरातल्या सगळ्या कामांना चालेल" असं सांगितलं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. घरातलं काम नव्हतं, एवढंच.

काकांनी पांढरा सदरा आधीच इस्त्री करून खुर्चीवर टांगला होता. स्वयंपाकघरातून उपासाआधीच्या जेवणाचा, नारळाच्या रसातल्या माशांचा वास येत होता. त्यांनी लोखंडी कपाट स्वतः उघडलं, रायफल बाहेर काढली, तिची गोळी भरायची मागची खिडकी उघडून आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली आणि तिलाही बघायला लावली. मग टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवली.

"आणलास डिसमिस?"

"हो," वैभवी म्हणाली. तिने पिशवीतून नवा स्क्रू ड्रायव्हर काढला. काकांच्या नजरेला एवढ्या अंतरावरून दोन्ही सारखेच होते, हे तिला माहीत होतं. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची.

पुढची पट्टी झटक्यात बसली. मागचा स्क्रू निघालाही नीट. पट्टी मध्ये सरकवून तिने तो परत घातला, फिरवत आणला, आणि शेवटच्या अर्ध्या वेढ्याला जोर लावला. टोक खाचेतून निसटलं. 'कट्' असा आवाज झाला. खाचेची एक कड उचकटून वर आली आणि काळ्या पॉलिशवर केसाएवढा चकचकीत ओरखडा उमटला.

काका खुर्चीत ताठ झाले. "काय झालं?"

"काही नाही काका. हात सरकला."

तिने आणखी एकदा प्रयत्न केला. टोक पुन्हा वर चढलं. स्क्रू अर्धा वेढा बाकी होता, आणि पट्टी अंगठ्याने दाबली की कळेल न कळेल अशी हलत होती. आतून मझलकाकूंची हाक आली, "अहो, पावणेसहा वाजले. जेवून घ्या आता." वैभवीने रायफलवरचा हात काढला.

"बसलं, काका," ती म्हणाली.

काकांनी रायफल कपाटात ठेवली, किल्ली फिरवली. ते तिला दारापर्यंत सोडायला आले आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "उद्याच्या दिवसाआधी आमच्यात एक रीत आहे. देवाविरुद्ध जे चुकतं त्याची माफी देवाकडे. माणसाविरुद्ध जे चुकतं त्याची त्या माणसाकडेच मागावी लागते, देव त्यात पडत नाही. वर्षभरात माझ्याकडून तुला काही लागेल असं झालं असेल, तर माफ कर पोरी."

शब्द अगदी वैभवीच्या ओठांवर आले होते. "अहो काका, काहीतरीच काय!" असं म्हणून ती हसली, आणि फाटकाबाहेर पडली.

समोरच्याच फुटपाथवर बसचा स्टॉप होता. बस अर्धा तास आलीच नाही. तिथे उभी राहून तिने पाहिलं, काकांचं दार अजून उघडंच होतं. आत पॅसेजमधला दिवा लागलेला दिसत होता. आकाशातला उजेड जात चालला होता, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी दार तसंच. विसरले वाटतं, ती मनाशी म्हणाली. जाऊन सांगावं असं तिच्या मनात आलं. पण परत गेलं तर नुसतं दाराबद्दल बोलून येता येणार नाही, हेही तिला कळत होतं. बस आली. ती चढली.

रात्रभर तिला तो अर्धा वेढा दिसत राहिला. हलणाऱ्या पट्टीने काका नेम धरणार. गोळी कुठे जाईल कोण जाणे, आणि क्लोई मागे उभी. चूक वैभवीची आणि रायफल जाणार काकांची.

शनिवारी दसरा. शशीताईंनी नागपूरहून वहीत घालून आणलेली आपट्याची पानं ताटात मांडली, हत्यारांवरची फुलं उतरवली. "घे, आता उचल काय उचलायचं ते," त्या म्हणाल्या, आणि बघतात तर मुलगी रडत होती. दसऱ्याच्या दिवशी, पुरणाचा वास घरभर असताना. शशीताई घाबरल्या.

मग वैभवीने सांगितलं. जिमपासून स्क्रूपर्यंत सगळं, उलटसुलट, मध्ये नाक पुसत.

शशीताई ऐकून घेत होत्या. एझराकाका त्यांना माहीत होते, दोनदा चहाला येऊन गेले होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी हातातलं फूल ताटात ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तू बंदूक चालवते."

"हो."

"आणि मी घाबरेन म्हणून सांगितलं नाही."

"हो."

"काल शस्त्रांची पूजा करून राहिली होती ती कोण? शेजारीण?" शशीताईंचा आवाज चढला. "अगं, एका म्हाताऱ्या माणसाच्या नजरेचा प्रश्न आहे एवढं बोलली असतीस, तर देवाला नमस्कार करून मीच काढून दिला असता हातात. देवाला काय कळत नाही का? तू मला सांगितलंस ते फर्निचर! फर्निचरसाठी मी पूजा मोडू?"

आईचं बरोबर होतं.

शशीताईंनी डिसमिस उचलला, त्याच्या टोकावरचं कुंकू पदराने नीट पुसलं. खाचेत कुंकवाचा कण जायला नको, एवढं त्यांना न सांगता कळलं. त्याच्या लाकडी मुठीबरोबर आपट्याचं एक पान तिच्या हातात दिलं. "हे त्यांना दे. आणि आधी तोंड उघड, मग पेटी उघड."

रविवारी सकाळी साडेआठला वैभवी काकांना घ्यायला गेली. रायफल मागच्या डिकीत, काका पुढे शेजारी. उपासाने चेहरा उतरला होता, पण आवाज खुलला होता. वाटभर ते काल तहान कशी लागली, मझलने शेवटच्या तासाला घड्याळाकडे किती वेळा बघितलं, हे सांगत राहिले. प्रत्येक सिग्नलला वैभवी तोंड उघडायची आणि हिरवा लागायचा.

रेंजवर क्लोईने दहाची वेळ दिली होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी रायफल टेबलावर आली. काकांनी मागच्या दर्शकावर अंगठा ठेवला, तेवढ्यात वैभवी बोलली.

"काका, थांबा. शुक्रवारी तुमचा डिसमिस नव्हता माझ्याकडे. आईने पूजेत ठेवला होता. मी दुकानातून दुसराच आणला आणि तुम्हाला आणला म्हणून खोटं सांगितलं. स्क्रूची खाच खाल्ली गेलीय. तो घट्ट बसलेला नाही. मी बसलं म्हणाले, तेही खोटं. मला माफ करा."

काकांनी अंगठा काढला नाही. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "आवाज ऐकला ना मी. माझ्या डिसमिसने असा आवाज आयुष्यात काढला नाही." मग त्यांनी कोटाच्या खिशातून बोटाएवढी बारीक कानस काढून टेबलावर ठेवली. "ही सकाळीच टाकून आणली. माझं हे एक हत्यार तुझ्या पेटीत नव्हतं."

"म्हणजे मी सांगितलं नसतं तर..."

"तर मीच बसवला असता. वेळ लागला असता, दुसरं काय. आण इकडे आता तो."

तिने डिसमिस त्यांच्या हातात दिला. मुठीभोवती बोटं मिटली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून वैभवीला पुन्हा रडू येईल की काय असं झालं. त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढ्या बारीक खाचेसाठी तसाही त्यांचा फारसा उपयोग नव्हता. नखाने खाच चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "वरची कड उचकटलीय. तळ शाबूत आहे. वाचला." उचकटलेल्या कडेवरून त्यांनी कानस चार वेळा फिरवली, पुन्हा नखाने बघितलं, पाचव्यांदा फिरवली. लोखंडाची पूड फुंकून टाकली. मग डिसमिसचं टोक खाचेत उभं केलं. ते तळापर्यंत उतरलं आणि हात सोडला तरी तसंच सरळ उभं राहिलं.

"आता तू फिरव," काका म्हणाले.

"मी? नको काका, परत—"

"मी रायफल धरतो. तू फिरव. वरून दाब, मग वळव. दाब जास्त, वळण कमी."

वैभवीने दाबलं, मग वळवलं. अर्धा वेढा अगदी शांतपणे गेला, काही आवाज न करता. काकांनी पट्टी अंगठ्याने हलवून पाहिली. हलली नाही. त्यांनी मान डोलावली.

दहा वाजता क्लोई आली. नेम जुळवायला तिने आधी दहा गोळ्या दिल्या, त्या मोजणीत धरायच्या नव्हत्या. काका चटईवर पालथे झाले, रायफल उजव्या खांद्याला, डोकं नेहमीसारखंच, पण या वेळी पट्टीमुळे डावा डोळा दर्शकापुढे आला. पहिली गोळी खाली आणि डावीकडे गेली. वैभवी दुर्बिणीतून बघून सांगत होती आणि काका दर्शकाचं बटण एकेक खट् करत फिरवत होते. सहाव्या गोळीला ती काळ्यात शिरली. मग क्लोईने खरी कार्डं लावली, आणि वैभवीला मागे काचेआड जायला सांगितलं. मदत घ्यायची नव्हती.

काचेआडून आवाज येत नव्हता. नुसता खांद्याला बसणारा बारीक धक्का दिसत होता. वैभवी धक्के मोजत होती. अकराव्यानंतर काका बराच वेळ थांबले. त्यांनी रायफल खाली टेकवली, डोळा पुसला, श्वास सोडला आणि पुन्हा खांद्याला लावली. वीस व्हायला पस्तीस मिनिटं लागली. मूठ आवळून आवळून वैभवीच्या हातातलं आपट्याचं पान चुरगळून गेलं होतं.

क्लोई कार्डं आणायला गेली. काकांची दोन, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची रिकामी. आधी तिने शेजारची कार्डं उजेडात धरून बघितली, पुढून, मागून. कोरी होती. मग काकांची मोजली. वीस भोकं. एक तर अगदी कडेला, कागदाच्या कोपऱ्यापासून बोटभर आत, पण कागद काकांचाच होता. दोनशेपैकी एकशे छप्पन्न गुण. पूर्वी एकशे नव्वदच्या खाली आले तर त्यांना घरी तोंड दाखवायला लाज वाटायची. क्लोईने कार्डांवर सही केली, काकांचा हात हातात घेतला आणि परवान्याचं पत्र सोमवारी पाठवते म्हणाली.

"किती?" काकांनी वैभवीला विचारलं.

"एकशे छप्पन्न."

"मझलला सांगू नकोस," काका म्हणाले. पण ते हसत होते, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं.

परत येताना वैभवीने आपट्याचं चुरगळलेलं पान त्यांना दिलं, आईने पाठवलंय म्हणून. त्यांनी ते वरच्या खिशात ठेवलं. घराशी गाडी थांबली. समोर तो बसचा स्टॉप होता, आणि इकडे ते दार. मझलकाकू खिडकीतून बघत होत्या.

"काका, शुक्रवारी मी त्या स्टॉपवर उभी होते तेव्हा तुमचं दार उघडंच होतं. अंधार पडला तरी. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

काकांनी सीटबेल्ट सोडला. डिसमिस अजून त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी तिच्या पेटीत परत ठेवला आणि झाकण लावलं.

"विसरेन कसा?" ते म्हणाले. "मझल आतून ओरडत होती, सूर्य गेला, दार लावा, दार लावा. मी म्हटलं, थांब जरा. पोर परत येईल."